झिंकचे तीन महिने

फुलसावंगी
१२ जुलै

सौ. दिपालीस नमस्कार.

'अनेक आशीर्वाद' लिहणार होतो, बाबा तसंच लिहत. पण तू वाचून म्हणशील, आले मोठे आशीर्वाद देणारे. म्हणून नमस्कारच.

फोन तू उचलत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर तुहा फोटो दिसणं बंद झालं, म्हणजे ब्लॉक केलं, एवढं मलेही समजते. परवा रजतच्या फोनवरून लावला, तर तू म्हटलं, "भाऊजी, ते बाजूले असतील तर त्यांच्या हातात फोन देऊ नका." मी बाजूलेच होतो. रजत माहा चुलत भाऊ असून तुहं ऐकते, माहं नाही. मग पोस्टात गेलो. पाकीट मागतलं तर तिथली बाई म्हणते, "कोणाले नोटीस पाठवता का कपिलभाऊ?" म्या म्हटलं, नाही, बायकोले पत्र लिहतो. तर ती आणखीनच घाबरली.

इकडे सगळं ठीक. सोयाबीन चांगलं उगवलं. दुकानात गर्दी आहे, दिवसभर तणनाशक दे अन् बुरशीनाशक दे, जेवायले तीन वाजते. आई बरी आहे. आईचं तू मनावर घेऊ नको. ती बोलते तशी मनानं नाही. जूनमधी ती जेवतांना म्हटली, "आता दुसरी पाहावं लागते," तवा मी काही बोललो नाही, हे खरं. माह्या तोंडात घास होता. तो गिळेपर्यंत तू उठून आत गेली अन् उमरखेडले माहेरी जायले बॅग भरली. एवढ्या लवकर कोणी बॅग भरते का?

आता कामाचं. रजत सांगते की मामाजी आपल्या लेकीले, म्हणजे तुले, पुन्हा नांदेडच्या डॉक्टरीणबाईकडे नेऊन राह्यले, अन् ऑगस्टमधी पुन्हा दुर्बिणीचं ऑपरेशन ठरून राह्यलं. दिपाली, एवढी घाई नको. दोन वर्षांपूर्वी एकदा झालं, त्यात काही निघालं नाही. पुन्हा पोटात दुर्बीण टाकून काय निघणार? तीन महिने थांब. फवारणी आहे, पोळा आहे, मग सोंगणी आहे. ऑपरेशन म्हणजे मागंपुढं घरचं माणूस लागते. मामाजीचं वय झालं, त्यांच्याच्यानं धावपळ होत नाही.

तीन महिन्यानं मीच घेऊन जाईन. फक्त तीन महिने.

माहा रिपोर्ट चांगलाच आहे, ते तुले माहीत आहे. त्याची काळजी करू नको.

कपिल

फुलसावंगी
५ ऑगस्ट

दिपाली,

तुहं कार्ड भेटलं. पाच ओळी, त्यातली एक पत्त्याची. "डॉक्टरीणबाई सुट्टीवर आहेत, ऑपरेशन १४ ऑक्टोबरले ठरलं. तुमच्या सोंगणीसाठी मी थांबणार नाही. दुसरं कारण असेल तर लिहा." एवढंच. बरं, लिहतो.

आहे दुसरं कारण. मी जुलैच्या एक तारखेपासून एक पावडर घेऊन राह्यलो. पाकीट मे महिन्यातच आणून ठेवलतं, तू ते एकदा कपाटात पाह्यलं होतं, तवा म्या सांगतलं होतं की आंबटपित्ताची आहे. पित्ताची नाही. पुरुषाच्या ताकदीची आहे. पाकिटावर घोडा आहे. कायले आहे कोण जाणे, घोड्याले कोणी इचारलं नसन. आत झिंक, सेलेनियम असे खनिज आहेत. तू हसू नको. मी दुकानदार माणूस, पाकिटाच्या मागचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय मी युरियाची गोणीही घेत नाही.

हे पाहा, हिशोब साधा आहे. पऱ्हाटीले झिंक कमी पडलं तर झाड वाढत नाही, पानं लहान राह्यतात, बोंडं धरत नाहीत. झिंक दिलं की झाड सुधरते. माणसाचंही तसंच. पुरुषाचं बी तयार व्हायले सत्तर-पंचाहत्तर दिवस लागते. म्हणजे सोयाबीनपेक्षाही लवकर! म्हणून तीन महिने म्हटलं. तीन महिन्यानं पुन्हा टेस्ट करू, मग पाहू तुले ऑपरेशनची गरज आहे का नाही.

तू म्हणशील, रिपोर्ट चांगला असून पावडर कायले खाता? अवो, चांगल्या पिकालेही आपण शेवटची फवारणी मारतोच ना.

पाकिटावर एक पुडी लिहली आहे. मी दोन घेतो. सकाळी उपाशीपोटी घेतली की मळमळ होते, दहा वाजेपर्यंत चहाही जात नाही. परवा अंगणातल्या मोरीपाशी जाऊन ओकारी काढली तर आई म्हणते, "काय रे, बायकोले जाऊन दोन महिने झाले अन् दिवस तुलेच गेले काय?" लागूनच दुकानात रवी बसला होता, आपला काळीपिवळीवाला. तो असा हसला की बाकावरून पडला. दुपारपर्यंत फुलसावंगीतल्या निम्म्या माणसाले माहीत झालं. मले हसू आलं नाही.

चौदा ऑक्टोबरले अजून लय वेळ आहे. तारीख पुढं ढकलता येते. डॉक्टर लोकं ढकलतात, मग आपणही ढकलू शकतो.

कपिल

फुलसावंगी
२५ ऑगस्ट

दिपाली,

पोळा झाला. तू नव्हती तर बैलाले ओवाळायले आईच आली. तिचे गुडघे दुखते, वाकता येत नाही, तर तिनं उभ्यानंच ओवाळलं. बैलानं ताटातला पुरणाचा घास सोडून तिचा पदर चावला.

तू उत्तर दिलं नाही. ठीक आहे. मी तरी लिहतो, कारण परवा एक गोष्ट झाली अन् ती सांगायले घरात कोणी नाही.

तांड्यावरचा लखीराम तुले माहीत आहे. पांढऱ्या मिशाचा, दुकानात आला की पहिले बाकावरचं पोट्टं उठवते अन् मग बसते. त्याचं तीन एकर वावर आहे नाल्याच्या कडेले. तीन वर्षं झाले, त्याचं सोयाबीन पिवळं पडते. दरवर्षी माह्या दुकानातून झिंक सल्फेट नेते, वावरात टाकते, अन् दरवर्षी पिवळंच पडते. आता जुलैमधी आला अन् म्हणते, "कपिलभौ, माह्या वावरात आता झिंकची खाण निघन. पीक काहून नाही येऊन राह्यलं?"

काहून, ते मले माहीत होतं.

चार वर्षांपूर्वी एका संस्थेनं माती तपासणीचं काम आपल्याले दिलतं, आठवते? बारा शेतकऱ्यांच्या वावरातून माती आणायची होती. प्रत्येक वावरात आठ ठिकाणी खड्डा करायचा, सगळी माती घमेल्यात मिसळायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे, असं करत करत अर्धा किलो उरवायची. चांगलं काम आहे ते, मले आवडते. पण त्या आठवड्यात चिखल असा होता की गाडी जाईना, अन् शेवटची तारीख आली. मग म्या काय केलं, आपल्या सडकेकडच्या वावरातून एकच घमेलं माती काढली अन् बारा पिशव्यात भरली. बारा चिठ्ठ्या, बारा नावं, वावर एक. माहं.

सगळ्यांच्या माती तपासणीच्या कार्डावर आलं, झिंक कमी. कमी माह्या वावरात होतं. कोणाले समजलं नाही.

या वेळी लखीराम असा तोंड पाडून बसला होता की मले राहावलं नाही. मी त्याच्या वावरात गेलो, आठ खड्डे केले, नीट माती आणली, स्वतः तपासायले पाठवली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कागद आला. झिंक भरपूर आहे. त्याच्या वावरात पाणी साचते, मुळं सडते, म्हणून पिवळं पडते. चर खोदला की काम झालं. तीन वर्षांपूर्वीच झालं असतं.

म्या त्याले दुकानात बसवून सगळं सांगतलं. वाटलं, शिव्या देईन, चप्पल काढीन. त्यानं बिडी पेटवली, अर्धी ओढली अन् म्हणते, "म्हणजे माती तुही, नाव माहं. बिमारी तुह्या वावराची होती, अन् इलाज मी माह्या वावरावर करून राह्यलतो. तीन साल."

बिडी विझवली अन् गेला. आज सकाळी पाह्यलं तर वावरात दोघं भाऊ चर खोदून राह्यलते.

त्याचं ते ऐकलं अन् मले घाम फुटला. तू म्हणशील, मातीच्या गोष्टीत घाम फुटायसारखं काय आहे. आहे. पण ते या पत्रात लिहणं होत नाही. म्या दोनदा लिहलं अन् दोनदा कागद फाडला.

पुड्या चालू आहेत. आता मळमळ कमी आहे.

कपिल

यवतमाळ, बसस्थानक
२० सप्टेंबर

दिपाली,

उमरखेडची गाडी दीड तासानं आहे. समोर बाकावर एक आजीबाई पेरू खाऊन राह्यली, तिनं मलेही एक दिला. पेरू तसाच ठेवून तुले लिहतो. फुलसावंगीले गेलो तर पुन्हा कागद फाडीन.

नांदेडच्या फाईलमधी जो माहा रिपोर्ट लागला आहे, तो माहा नाही. तो रजतचा आहे.

आता सगळं सांगतो. मधी थांबलो तर राहून जाईन.

चार वर्षांपूर्वी आपल्याले काही होऊन नाही राह्यलं म्हणून आई तुले बोलायले लागली, तवा मी एकटाच यवतमाळले आलतो. दुकानाचा माल आणायले चाललो, असं सांगून. इथं टेस्ट केली. शुक्राणू चाळीस लाख आले. ऐकायले मोठं वाटते, पण ते दीड कोटीच्या वर पाहिजे असते, अन् त्यातलेही निम्मे जागचे हलत नव्हते. लॅबवाला म्हटला, डॉक्टरले दाखवा. म्या कागद घेतला, घडी केली, चपलेच्या दुकानापाशी फाडून नालीत टाकला. डॉक्टरले दाखवलं नाही. आईले, तुले, कोणालेच सांगतलं नाही.

तीन महिन्यानं तुही डॉक्टरीणबाई म्हणे, आधी नवऱ्याचा रिपोर्ट आणा. बरोबरच म्हणे ती. म्या उमरखेडच्या लॅबमधी सांगतलं की मले इथं जमत नाही, बाजूलेच भावाची खोली आहे, तिथून आणतो. ते म्हणे, अर्ध्या तासात आणा, डबी अंगापाशी गरम ठेवा. बसस्थानकामागच्या खोलीत रजत राहे. त्याचं नुकतंच लग्न झालतं. त्याले म्या सांगतलं, मस्करी आहे, एक काम कर. त्यानं केलं. डबी म्या सदऱ्याच्या खिशात ठेवली, वर माहं नाव लिहलं अन् दिली. सहा कोटी आले. तू तो कागद पाहून हसली होती. "चला, एकाचं तरी बरं आहे," म्हटली होती. मी त्या दिवशी तुले पेढे आणले.

मातीच्या पिशव्या अन् ही डबी, दोन्ही एकाच वर्षातल्या. एकदा जमलं म्हणून दुसऱ्यांदा सुचलं, याच्यापेक्षा मोठं कारण मले सापडत नाही.

मग तुही दोन वर्षं इंजेक्शनं. मग दुर्बीण. तू बेशुद्ध होती तवा मी कँटीनमधी बसून स्वतःले सांगून राह्यलतो की कदाचित तुह्यातही काही निघन. दिपाली, मी तवा देवाले म्हणत होतो की काहीतरी निघू दे. याच्यापेक्षा वाईट मी आयुष्यात काही केलं नाही. निघालं काहीच नाही.

पावडर यासाठी होती. तीन महिन्यात आकडा वाढला की मी खरा रिपोर्ट काढणार होतो, जुना फाईलमधून काढून नवा लावणार होतो, अन् कोणाले कधी काही सांगायची गरजच पडली नसती. म्हणून तुले थांब थांब म्हणत होतो. तुह्यासाठी नाही, माह्यासाठी.

आज टेस्ट झाली. मी स्वतः दिली, लॅबच्याच खोलीत, दाराले कडी लावून. पंचेचाळीस लाख.

या वेळी कागद फाडला नाही. वरच्या मजल्यावर स्वानंद डॉक्टर बसतात, त्यांच्यापुढं ठेवला. माह्याच वयाचा माणूस आहे. त्यानं पाकीट उलटंपालटं करून पाह्यलं. "ही पावडर कोणी लिहून दिली?" म्हटलं, मीच. "शरीरात झिंक कमी आहे का, ते तपासलं होतं?" म्हटलं, नाही. "तुमचं कृषी केंद्र आहे म्हणता. माती न तपासता खत देता का?" म्या मान खाली घातली. म्हटलं, देतो साहेब.

तो हसला नाही. नीट समजावून सांगतलं. म्हणे, झिंकबद्दल लहान लहान अभ्यासात फायदा दिसला होता, म्हणून बाजारात एवढ्या पुड्या आल्या. मग हजारो जोडप्यांवर मोठा अभ्यास झाला, अर्ध्यांना झिंक अन् फॉलिक अ‍ॅसिडची गोळी, अर्ध्यांना खोटी गोळी. ना आकड्यात फरक पडला ना बाळं जास्त झाली, उलट पोटाचा त्रास मात्र झाला. शरीरात खरंच कमी असेल तर गोष्ट वेगळी. चाळीसचे पंचेचाळीस झाले, त्याचं काही विशेष नाही, तेवढं तर आठवड्या-आठवड्यालाही वरखाली होते.

मग म्हणे, पलंगावर या, तपासू. चार वर्षांत मले पहिल्यांदा कोणी तपासलं. दोन मिनिटं लागले. डाव्या अंडकोशाच्या शिरा फुगल्या आहेत, म्हणे. बऱ्याच पुरुषात असते. त्याचं लहानसं ऑपरेशन होते. सगळ्यांचा आकडा वाढतोच असं नाही, पण बऱ्याच जणांचा वाढतो. "चार वर्षांपूर्वी दाखवलं असतं तर तेव्हाच कळलं असतं," असं म्हणाले अन् दुसऱ्या पेशंटले आवाज दिला.

मी पायरीवर येऊन बसलो. ऑपरेशन माहं होतं, दिपाली. चाकू तुह्या पोटाले लागला.

नवीन रिपोर्टची झेरॉक्स अन् डॉक्टरची चिठ्ठी या पाकिटात घातली आहे. दोन्हीवर माहं नाव आहे अन् दोन्ही माहे आहेत. डॉक्टरीणबाईले दाखव. चौदा तारखेले तू पलंगावर झोपू नको. तेवढं ऐक. बाकी काही मागत नाही, मागायले तोंड नाही.

गाडी लागली. आता पेरू खातो.

कपिल

फुलसावंगी
४ ऑक्टोबर

दिपाली,

रजतच्या हाती तू चिठ्ठी पाठवली. "आईले सांगितलं का? आधी ते करा." रजतनं मले देतांना म्हटलं, "दादा, वहिनीनं मले चहा दिला, पाणी दिलं, एक शब्द बोलली नाही. त्यापेक्षा दोन कानाखाली मारल्या असत्या तर बरं झालं असतं."

चिठ्ठी येऊन आठ दिवस झाले. पहिले चार दिवस माह्यानं सांगणं झालं नाही. दोन दिवस आईले ताप होता, हे खरं आहे. बाकीच्या दोन दिवसाले काही कारण नाही.

दसऱ्याले रजत सोनं द्यायले आला, खुशीले घेऊन. खुशी आता तीन वर्षांची झाली, आपट्याचं पान दिलं तर चावून पाहते. आई तिले मांडीवर घेऊन बसली होती. म्या म्हटलं आता नाही तर कधीच नाही. रजतले म्हटलं, तू इथंच बस. अन् आईले सांगतलं. तुले लिहलं तसंच, पहिल्यापासून.

आईले आधी खरंच वाटेना. म्हणे, "आपल्या घराण्यात असं नाही. तुह्या बापाले तू पहिल्याच वर्षी झाला. डॉक्टरले काय समजते!" मग म्या डबीचं सांगतलं. ती रजतकडे पाहे, मग माह्याकडे, मग पुन्हा रजतकडे. रजत म्हणे, "हो काकू. तो माहाच होता." एवढं ऐकून तिनं खुशीले मांडीवरून खाली उतरवलं.

पदर सावरला. मग म्हणे, "हिच्या बारशाले दिपालीनं हिले पाळण्यात घालायले घेतलं, अन् म्या तिच्या हातातून ओढून घेतलं. सगळ्या बाया पाहून राह्यल्या. तू होता ना तिथं?"

होतो, म्हटलं.

"काय करून राह्यलता?"

जिलेबी वाढून राह्यलतो. तेच सांगतलं.

"म्या तर अडाणी," आई म्हणे, "मले माहीत नव्हतं. तुले माहीत असून तू जिलेबी वाढली?" अन् रडली. बाबा गेले तवा रडली होती, त्याच्यानंतर आता. मीही रडलो. रजत पोरीले घेऊन अंगणात गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊवारी नेसून तयार झाली. म्हटलं, कुठं चालली? म्हणे, "ज्या ज्या घरी बसून म्या सुनेले नावं ठेवली, त्या त्या घरी जाऊन सांगणं आहे की खोट माह्या पोरात आहे." म्या म्हटलं, आई, गावभर कायले करते, माही इज्जत... अन् तिथंच थांबलो. तिनं पायात चप्पल घातली अन् निघाली. कुंदाकाकूच्या घरून सुरुवात केली. कालपर्यंत सात घरं झाली. एका घरी चहाही भेटला नाही, म्हणे. एकीनं तर तोंडावरच म्हटलं, "मग आता पोराले दुसरी पाहता का?" आई तिले म्हणे, "आता कोणी आपली पोरगी देईन का याले, अन् कायले द्यावं?" घरी येऊन हे तिनंच मले सांगतलं, भाकरी वाढता वाढता.

आता गावात माणसं मले पाहून बोलणं थांबवतात. दुकानात रवी येते, पण हसत नाही. लखीराम आलता. चराचं पाणी चांगलं निघून राह्यलं म्हणे. माह्या खांद्यावर हात ठेवला अन् काही न घेता निघून गेला. आधी वाटत होतं, लोकाले समजलं तर मरून जाईन. सोयाबीनच्या गंजीवर ताडपत्री टाकता टाकता आज ध्यानात आलं की मेलो तर नाहीच, सपाटून भूक लागली होती.

आईले सांगतलं. चौदा तारखेले दहा दिवस आहेत. तुही डॉक्टरीणबाई काय म्हटली, तेवढं तरी रजतजवळ कळव. परत येशील का, असं मी विचारत नाही. विचारावं वाटते, पण विचारत नाही.

कपिल

उमरखेड
९ ऑक्टोबर

पत्राच्या वर तुम्हाले काय म्हणून लिहावं, ते सुचलं नाही, म्हणून तशीच सुरू करते.

यवतमाळचं पत्र म्या तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला नाही, त्याचंच भेव वाटलं. दुसऱ्यांदा आला, तो अजून आहे. माझ्या पोटावर तीन डाग आहेत, आंघोळीले रोज दिसतात. चाळीस लाख म्हणजे कमी, एवढं ऐकून मी पळून गेली नसती. मले एकदा म्हटलं असतं ना, दिपाली, मले भेव लागते, तर मी तुमच्यासंग त्या लॅबमधी येऊन बसली असती. तुम्ही चार वर्षं लोकाले मले वांझ म्हणू दिलं, अन् पेढे आणले. हे मी विसरीन असं समजू नका. म्हातारी झाली तरी मधूनच काढीन.

सोमवारी आई येऊन गेल्या. तुम्हाले सांगितलं नसन त्यांनी. रवीच्या गाडीनं आल्या, गुडघे धरत धरत जिना चढल्या, अन् बाबाच्या देखत म्हटलं, "व्याहीबुवा, खोट माह्या घरची होती अन् सजा तुमच्या पोरीले झाली." बाबा सारखे पंखाच वाढवून राह्यले. आईनं माझ्या हातचं पाणी घेतलं अन् लगेच निघाल्या. अजून एक घर बाकी आहे म्हणे.

काल मी बाबासंग नांदेडले गेली. डॉक्टरीणबाईले दोन्ही रिपोर्ट दाखवले, तुमचा अन् फाईलमधला भाऊजीचा. कसे बदलले, ते मीच सांगितलं. सांगतांना माझीच मान खाली गेली, तेही तुमच्या खात्यात धरा. त्यांनी दोन्ही कागद बाजूबाजूले ठेवून पाह्यले. मग त्यांनी रजिस्टर ओढलं अन् चौदा तारखेसमोरचं माझं नाव खोडलं.

त्याच दवाखान्यात खालच्या मजल्यावर पुरुषांचे डॉक्टर बसतात. त्यांची चौदा तारीख मी घेऊन आली, तुमच्या नावानं. आधी तपासतील, मग म्हणे, जमलं तर त्याच दिवशी शिरांचं ऑपरेशन करतील. घोड्याची पावडर बंद करा. सकाळी नऊच्या आत या, उपाशीपोटी. बाबा येणार नाहीत, मी येईन. मी फुलसावंगीले कधी येईन ते मले विचारू नका, मलेच अजून माहीत नाही.

ऑपरेशनच्या कागदावर घरच्या माणसाची सही लागते. मागच्या वेळी माझ्या कागदावर तुम्ही केली होती, सगळं माहीत असून. तुमच्या कागदावर मी करीन. आधी पूर्ण वाचीन, मग करीन.

दिपाली